शाळेचे छप्पर आणि रयतेचा हिशेब

शेतकरी घर बांधावयास काढतो तेव्हा तो काय काय करतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. घरात माणसे किती, धाकट्याचे लग्न झाल्यावर खोल्या किती लागतील, गोठ्यात जनावरे किती मावली पाहिजेत, हे तो अगोदर मोजतो. मग गवंडी व सुतार यांस ओट्यावर बसवून दगड किती, लाकूड किती, मजुरी किती, ह्याची यादी करतो. पदरचा पैसा पुरत नसेल तर तो कोणाकडून काढावा, व्याज काय पडेल व किती सुगींत फिटेल, ह्याचा रात्र रात्र विचार करतो. काम सुरू झाले म्हणजे स्वतः उन्हात उभा राहून विटा मोजतो, वाळूत माती किती आहे ते मुठीत घेऊन पाहतो, आणि बाजारच्या दिवशी गवंड्याचा हिशेब चुकता करतो. मोजणी, यादी, कर्ज आणि हिशेब ही चार कामे तो दुसऱ्यावर सोपवीत नाही. कारण घर त्याचे आहे आणि पैसाही त्याचा आहे.

परंतु त्याच शेतकऱ्याची मुले ज्या इमारतीत दिवसाचे पाच-सहा तास बसतात, तिच्या बाबतीत ह्या चारांपैकी एकही काम त्यास विचारून होत नाही. नवी खोली कोणी मंजूर केली, किती रुपयांस केली, मक्ता कोणास दिला, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ती का गळू लागली, हे त्यास ठाऊक नसते. विचारले तर म्हणतो, 'सरकारने शाळा दिली आहे. जशी आहे तशी गोड मानून घ्यावी.' बंधूंनो, ह्या एका वाक्यात आपले सारे नुकसान साठलेले आहे. शाळा सरकारने दिलेली नाही. ती तुम्ही दिलेली आहे.

ही गोष्ट आजची नव्हे. १८६३ सालापासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होऊ लागला. त्याचे दोन भाग रस्ते वगैरे कामांस व एक भाग शाळांस, अशी वाटणी होती. नांगर धरणाऱ्याने आणा भरावा आणि शाळा मात्र त्याच्या गावी नसावी, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी हेच गाऱ्हाणे मांडले. सरकारचा वसूल बव्हंशी कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या कामी येतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आज आण्याचे नाणे गेले, पण कर गेलेला नाही. गावात घरपट्टी आहे. शहरातील घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराचा वेगळा रकाना आहे. साबणाच्या वडीपासून घरावरच्या पत्र्यापर्यंत जे जे आपण विकत घेतो, त्यात कर मिळविलेलाच असतो. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही असा मजूरदेखील हा पैसा रोज भरतो.

प्रश्न नुसत्या पैशाचा असता तर आम्ही आज एवढी जागा त्यास दिली नसती. २८ ऑगस्ट २०१७ रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निंबोडी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत पावसात कोसळून तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छप्पर पडून सात मुले मेली. ही मुले कोणाची होती? खेड्यातल्या गोरगरिबांची. ज्यांच्या हाती मंजुरीची लेखणी असते त्यांची मुले अशा छपराखाली बसत नाहीत, म्हणून ती लेखणी सावकाश चालते.

आमच्या वाचकांत गवंडी आहेत, सुतार आहेत, लोहार आहेत. त्यांस ठाऊक आहे की छप्पर एका दिवसात पडत नाही. स्लॅबमध्ये पाणी मुरते, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते व भोवतालचे काँक्रीट फोडते; मग खालून पोपडे गळू लागतात. लाकडी आढ्यास वाळवी लागली तर भुसा जमिनीवर दिसतो. म्हणजे पडण्यापूर्वी छप्पर कित्येक महिने, कित्येकदा कित्येक वर्षे, आपले दुखणे सांगत असते. ऐकणारा कोणी नेमलेला नसतो, एवढेच.

असा ऐकणारा नेमण्याची काही रीत इतरांनी बसविली आहे काय, हे पाहावे म्हणून आज आम्ही अमेरिकेतील एक वहिवाट वाचकांपुढे मांडीत आहोत. अमेरिकेचे नाव आपणांस परके नाही. जोतीरावांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ तेथील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला होता. तेथले सारेच सोने आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. घेण्याजोगे ते घ्यावे, आणि खोट दिसेल तीही उघड सांगावी.

तेथे शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी 'शाळा-जिल्ह्या'कडे असतो. आपल्या महसुली जिल्ह्याशी त्याचा घोटाळा करू नये. एखादे शहर, किंवा आसपासची चार-दोन गावे मिळून, शाळांपुरता आखलेला तो टापू असतो. त्यास सामान्यतः लोकांनी निवडलेले मंडळ असते, आणि तेथील जमिनी व घरे यांवर शाळांकरिता कर बसतो. शिक्षकांचे पगार चालू उत्पन्नातून व राज्याच्या मदतीतून भागतात. परंतु इमारत एका वर्षाच्या पैशात उभी राहत नाही. तिच्याकरिता मंडळ रोखे विकून कर्ज काढते व ते पुढील वीस-तीस वर्षांत मिळकतीवरील करातून फेडते. मुख्य मुद्दा असा की, हे कर्ज काढण्यापूर्वी बहुतेक राज्यांत मतदारांस मतपत्रिकेवर विचारावे लागते: अमुक रकमेचे कर्ज अमुक कामांसाठी काढावे की काढू नये? लोकांनी नाही म्हटले तर ते कर्ज काढता येत नाही.

वाढत्या टापूचे एक उदाहरण घेऊ. टेक्सास राज्यात डॅलस शहराच्या उत्तरेस फ्रिस्को म्हणून गाव आहे. १९९० च्या शिरगणतीत तेथे सहा हजारांवर थोडी वस्ती होती. २०२० च्या शिरगणतीत ती दोन लाखांवर गेली. शेते व कुरणे मोडून घरांच्या रांगा उठल्या, आणि घराबरोबर मुले आली. तेथील शाळा-जिल्ह्याच्या मतदारांनी २०१४ साली ७७ कोटी ५० लाख डॉलरचे, व २०१८ साली ६९ कोटी १० लाख डॉलरचे कर्ज शाळांसाठी मंजूर केले. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात शंभर कोटींहून अधिक डॉलरचे प्रस्ताव पुढे आले तेव्हा त्याच मतदारांनी ते फेटाळले. तोपर्यंत मुलांची संख्या वाढावयाची थांबून उतरणीस लागली होती. हा नकार योग्य की अयोग्य ते तेथील लोक जाणोत. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, पैसा भरणाऱ्यास होय म्हणण्याचा हक्क असेल तर नाही म्हणण्याचाही असतो, आणि तो खरोखर वापरला जातो.

असे मत मागण्यापूर्वी मंडळास तयारी करावी लागते. टापूत मुले किती जन्मली, नवी घरे किती मंजूर झाली, दर शंभर घरांमागे शाळेच्या वयाची मुले किती येतात, हे मांडून पाच-दहा वर्षांचा अंदाज बांधतात. प्रत्येक जुन्या इमारतीची खोलीवार पाहणी करून छप्पर, पाया, वीज, पाणी व शौचकूप यांची स्थिती लिहून काढतात. कोणती इमारत दुरुस्त करणे परवडते आणि कोणती पाडून बांधणे स्वस्त पडते, हे ठरवितात. जमीन महाग होण्यापूर्वी पुढच्या शाळेची जागा घेऊन ठेवतात. वस्ती तरुण आहे तोवर मुले फार, वीस वर्षांनी कमी, हे ध्यानात घेऊन काही ठिकाणी पक्क्या खोल्यांऐवजी उचलून नेता येण्याजोग्या तात्पुरत्या खोल्या ठेवतात. ही सारी कामे आपला शेतकरी गोठा बांधतानाही करतो. फरक इतकाच की, तेथे ती कागदावर येतात व लोकांपुढे मांडावी लागतात.

कॅलिफोर्निया राज्याने ह्या बाबतीत जे नियम केले आहेत, त्यांतील तीन आम्हांस विशेष वाटतात. पहिला मजबुतीचा. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी लाँग बीच येथे भूकंप होऊन कित्येक शाळा जमीनदोस्त झाल्या. मुले घरी गेलेली होती म्हणून वाचली. तेथील कायदेमंडळाने पुढच्या भूकंपाची वाट पाहिली नाही. एका महिन्याच्या आत, त्याच वर्षीच्या एप्रिलात, शाळेच्या इमारतीचे नकाशे व काम राज्याच्या जाणत्या अधिकाऱ्यांनी तपासलेच पाहिजे असा कायदा झाला. वाचकांनी हे निंबोडी व पिपलोदीशी ताडून पाहावे. तेथे मुले वाचली आणि कायदा महिन्यात झाला. येथे मुले मेली, त्यानंतर आपल्या गावची शाळा कोणी वर चढून तपासली काय, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

दुसरा नियम हिशेबाचा. २००० सालच्या नोव्हेंबरात त्या राज्याच्या मतदारांनी असे ठरविले की, शाळेच्या कर्जास शंभरांपैकी पंचावन्न मते पडली तरी पुरे. पूर्वी दोनतृतीयांश लागत असत. पण ही सवलत घेणाऱ्या मंडळास काही बंधने घातली. कोणकोणती कामे करणार त्यांची यादी आधीच छापली पाहिजे. तो पैसा पगारांकडे किंवा कचेरीच्या चालू खर्चाकडे वळविता येणार नाही. दरवर्षी कामाची व पैशाची वेगवेगळी तपासणी झाली पाहिजे. आणि नागरिकांची एक स्वतंत्र देखरेख समिती नेमली पाहिजे, जीत पालक असतील, कर भरणाऱ्यांच्या संघाचा माणूस असेल, वृद्धांचा प्रतिनिधी असेल. परंतु मंडळाचा नोकर किंवा मंडळाचा मक्तेदार मात्र असणार नाही. दुधावर राखण करावयास बोक्यास बसवू नये, एवढीच ह्यातली अक्कल आहे.

तिसरा नियम वाढत्या गावांच्या कामाचा. १९८६ पासून तेथील शाळा-जिल्ह्यांस नव्या बांधकामावर चौरस फुटाच्या मानाने शाळेसाठी आकार घेता येतो. जो मोठमोठ्या चाळी उठवून वस्ती वाढवितो व नफा घेऊन जातो, त्याने वाढलेल्या मुलांच्या खोल्यांचाही वाटा उचलावा, हे न्यायाचे आहे. टेक्सासने २०१९ साली आणखी एक गोष्ट केली. शाळेच्या कर्जाच्या मतपत्रिकेवरच, ही मिळकतीच्या करातील वाढ आहे, असे स्पष्ट छापावयास लावले. गोड भाषणाने कर झाकू नये हा त्याचा हेतू.

आता खोटी बाजू ऐका. कर्ज म्हटले की आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि तो उगाच येत नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले ते हौसेने जाळले नव्हते. कॅलिफोर्नियातील पॉवे येथील शाळा-मंडळाने २००८ साली मतदारांकडून कर्जास मंजुरी घेतली व कराचा दर वाढविणार नाही असे वचन दिले. वचन तर पाळावयाचे आणि पैसा तर हवा. तेव्हा २०११ साली त्याने असे रोखे विकले की, सुमारे वीस वर्षे एक छदामही द्यावयाचा नाही. व्याज मुदलात मिसळत जावयाचे. हाती आले साडेदहा कोटी डॉलर. २०३३ पासून २०५१ पर्यंत फेडावयाचे आहेत सुमारे अठ्ठ्याण्णव कोटी! म्हणजे जी मुले त्या खोल्यांत शिकली, तीच मोठी होऊन नऊपट पैसा भरणार. आपल्या जुन्या सावकारानेही हे पाहून तोंडात बोट घातले असते. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. मुदलाहून अधिक व्याज एका वेळी मागता येत नसे. कॅलिफोर्नियास २०१३ साली कायदा करून अशा रोख्यांची एकूण फेड मुदलाच्या चौपटीवर व मुदत पंचवीस वर्षांवर अडवावी लागली. मत दिले म्हणजे शहाणपण आले असे होत नाही. व्याजाचा आकडा मतपत्रिकेजवळच मांडला पाहिजे, हा ह्यातला धडा.

दुसरी खोट ह्याहून मोठी आहे. गावाची शाळा गावाच्याच मिळकतीवर उभी करावयाची म्हटले, तर गरीब गावाने काय करावे? टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा टापू होता, आणि जवळच अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. १९६७-६८ साली एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मिळकतीवर १ डॉलर ५ सेंट कर भरीत, तर अलामो हाइट्सचे लोक फक्त ८५ सेंट. तरीसुद्धा एजवूडच्या करातून दर मुलामागे २६ डॉलर निघत व अलामो हाइट्सच्या करातून ३३३! ज्याने अधिक दराने भरले त्याच्या मुलास कमी मिळाले. एजवूडचे पालक १९६८ साली न्यायासाठी उठले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी त्यांस परत पाठविले. पुढे १९८९ साली टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत एकमताने बेकायदा ठरविली, आणि १९९३ साली श्रीमंत टापूंच्या उत्पन्नाचा काही भाग गरिबांकडे वळविणारा कायदा झाला. पहिल्या दाव्यास पंचवीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात एजवूडच्या मुलांची एक सबंध पिढी शाळेबाहेर पडून बाप झाली.

तिसरी खोट मताची. जो नागरिक नाही त्यास तेथे ह्या कर्जावर सहसा मत देता येत नाही. शेतांत व बांधकामांवर राबणाऱ्या कित्येक परदेशी मजुरांची मुले त्याच शाळांत असतात, पण त्यांच्या आईबापांचा शब्द मोजला जात नाही. उलट ज्यांची मुले मोठी होऊन गेली त्यांचे मत पुरे मोजले जाते. म्हणून मतावर शाळा सोपविताना, ज्यास मत नाही त्याच्या मुलाचे काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

ह्या साऱ्यावरून आमचे मत असे बनले आहे की, गावावर नवी पट्टी बसवून किंवा कर्ज काढून शाळा बांधण्याची रीत आपल्या खेड्यांस हितकारक नाही. सुपीक बागायती गावाची शाळा राजवाड्यासारखी व्हावी आणि माणदेशातल्या दुष्काळी गावाची उघड्यावर राहावी, असा कायदा आम्हांस नको. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, तेव्हा जबाबदारी साऱ्या राज्याने उचलली. तेच तत्त्व खरे. १९१९ साली काले गावी निघालेल्या रयत शिक्षण संस्थेस लोकांनी मूठमूठ धान्य दिले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. लोकांनी आपखुशीने हात लावावा. पण रयतेच्या मुठीकडे बोट दाखवून तिजोरीने आपली मूठ झाकू नये. पैसा साऱ्या राज्याच्या तिजोरीतून यावा. मोजणी, यादी व हिशेब मात्र गावच्या हाती यावा. आणि कोणी कधी कर्ज काढलेच, तर व्याजाचा आकडा लोकांस दाखविल्यावाचून ते काढू नये.

वाचक म्हणतील, हा अधिकार आपणांस कोण देणार? बंधूंनो, तो मिळालेला आहे आणि धूळ खात पडला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षणहक्काच्या कायद्याने सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांस शाळा व्यवस्थापन समिती घालून दिली आहे. तीत चारांपैकी तीन हिस्से सभासद पालकच असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, व मागासलेल्या वर्गांच्या मुलांच्या पालकांस त्यांच्या मानाने जागा मिळाली पाहिजे. ह्या समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा आहे. आणि सरकार जी योजना व जे अनुदान देईल त्यास तोच आराखडा पाया धरावा, असे कायद्यात लिहिलेले आहे. अमेरिकेतल्या मतपत्रिकेवरील यादी ती हीच. किती गावांत ही यादी पालकांनी बसून केली? बहुधा गुरुजी एकटे रात्री बसून कागद भरतात आणि सभासदांच्या सह्या व अंगठे दुसऱ्या दिवशी गोळा होतात. गुरुजींस दोष देऊन काय उपयोग? आपणच बोलावल्यावर गेलो नाही.

मोजणीपासून सुरुवात करा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार व २०० पर्यंत पाच लागतात. आणि दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली पाहिजे. समजा, गावच्या पटावर ५८ मुले आहेत. दोन शिक्षक, दोन खोल्या. सरकारचे काम संपले. पण शिवारातल्या वीटभट्टीवर व नव्या इमारतींच्या कामावर आलेल्या मजुरांची ३५ मुले पटावर घेतली तर संख्या ९३ होते, आणि चार शिक्षक व चार खोल्या मागण्याचा हक्क उभा राहतो. वयाचा दाखला नाही म्हणून त्या मुलांस परत पाठविता येत नाही, हेही कायद्यातच आहे. म्हणजे परगावच्या मजुराचे मूल हे आपल्या मुलाच्या वाट्यातले जेवण खाणारे नसून आपल्या मुलास खोली मिळवून देणारे आहे. अमेरिकेतल्या तिसऱ्या खोटीवर आपल्यापाशी असा उपाय तयार आहे. जे ऊसतोडीस जातात त्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. आज आपल्या गावी दुसऱ्याचे मूल मोजले, तर कारखान्याच्या तळावर आपले मूल मोजा असे म्हणावयास तोंड राहील.

वाढत्या गावांस एक गोष्ट वेगळी सांगावयाची आहे. पुण्याभोवतीची अकरा गावे २०१७ साली आणि तेवीस गावे २०२१ साली महानगरपालिकेत ओढली गेली. इतर शहरांभोवतीही हेच चालले आहे. जमीन विकून पैसा आला, दहा-दहा मजली इमारती उठल्या, आणि जुनी चार खोल्यांची शाळा तशीच राहिली. अशा गावांनी विकास आराखड्याचा नकाशा मागून पाहावा, शाळेसाठी राखलेली जागा कोठे आहे ती आपल्या पायांनी मोजून यावी, आणि ती गुपचूप दुसऱ्या कामास जात असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. जागा एकदा गेली की नंतर पैसा असूनही शाळा होत नाही.

यादीनंतर हिशेब. येथे आमच्या कारागीर बंधूंचे काम आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकारात नुसते कागदच मिळतात असे नाही. सरकारी कामाची पाहणी करण्याचा व वापरलेल्या मालाचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. अर्जास दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही नाहीत. अंदाजपत्रकाची व मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागावी. मग गावच्या गवंड्याने पाहावे की सळई लिहिली तेवढ्या जाडीची पडली का, स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारले का. सुताराने दार-खिडक्यांचे लाकूड पाहावे. आयाबहिणींनी मुलींच्या शौचकुपास दार, कडी व पाणी आहे का ते पाहावे. ही गोष्ट पुरुषांच्या नजरेतून सुटते, आणि कित्येक मुलींची शाळा एवढ्याच कारणाने सुटते. कोणी म्हणेल, अडाणी माणसांस ह्यातले काय कळते? ज्यांनी आजवर साऱ्या शहाण्यांची घरे बांधली, त्यांस आपल्या मुलांच्या शाळेची भिंत कळत नाही, असे म्हणणाराच अडाणी होय.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत प्रत्येकाने चार प्रश्न विचारावेत. गावाच्या शिवारात सहा ते चौदा वर्षांची मुले किती, व पटावर किती? शाळेचा आराखडा कोणत्या तारखेस, कोण कोण बसून केला? गेल्या तीन वर्षांत इमारतीसाठी किती पैसा आला, व कोणत्या कामास गेला? आणि छप्पर शेवटचे कोणी, केव्हा, वर चढून तपासले? उत्तरे सभेच्या बुकात लिहून घ्यावीत व त्यांची नक्कल मागावी. उत्तर मिळाले नाही तर तेही लिहून घ्यावे. पहिल्या सभेत लोक हसतील, दुसरीत चिडतील, तिसरीत वही घेऊन येतील.

आणि ग्रामसभेची वाट न पाहता एक काम येत्या रविवारी करता येईल. गावातील एक गवंडी, एक सुतार व दोन पालक यांनी मुख्याध्यापकांस सांगून शाळेची किल्ली घ्यावी, शिडी लावावी, आणि प्रत्येक खोलीचे छत काठीने ठोकून पाहावे. जेथे पोकळ आवाज येईल त्या जागेवर खडूने खूण करावी, खालची बाके काढून दुसरीकडे ठेवावीत, आणि सोमवारी सकाळी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ह्यास कोणाची मंजुरी लागत नाही.